सात नंबरचा झिरो

घरी मला फौजदार म्हणतात. हे नाव ताईनं ठेवलेलं. लहानपणी कपाटातला एखादा डबा जागचा हलला, की तो कुणी हलवला हे शोधून काढल्याशिवाय मी जेवायला बसत नसे म्हणे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी मी फुंकूनच प्यायचो. अशा स्वभावाच्या माणसाला घरात किंमत नसते, पण मोजणीच्या कामात असते. एकोणीस वर्षं मी किनारा संरक्षण विभागात मोजणीदार होतो.

काम सोपं होतं. साडेतीन किलोमीटरचा किनारा, त्याला लागून वाळूच्या उंचवट्यांची रांग, उंचवट्यांवर कमरेएवढं गवत. मागे घरांची पहिली रांग आणि त्यामागे रस्ता. गवत वाळू धरून ठेवतं आणि वाळू समुद्राला धरून ठेवते, म्हणून उंचवट्यावर समुद्राच्या बाजूनं चढायचं नाही हा आमचा पहिला नियम. माथ्यावर ओळीनं अकरा दगडी खुंट्या रोवलेल्या होत्या. दर महिन्याला प्रत्येक खुंटीपासून भरतीरेषेपर्यंतचं अंतर मोजायचं. भरतीरेषा म्हणजे मागच्या भरतीनं वाळूवर सोडलेली काडीकचऱ्याची रेघ. अंतर चाळीस मीटरच्या खाली गेलं, की त्या खुंटीमागची घरं रिकामी करायची. त्यात वशिला चालत नाही आणि मुदतवाढही मिळत नाही.

मोजणीला माणसं दोन लागतात. एकानं खुंटीवर टेपचा झिरो, म्हणजे कडी असलेलं सुरुवातीचं टोक, धरायचा, दुसऱ्यानं टेपची चरखी घेऊन भरतीरेषेवर जायचं. खालचा विचारतो, "धरला?" वरचा सांगतो, "धरलाय." मग टेप ताणायची आणि आकडा वाचायचा. वरून "धरलाय" आल्याशिवाय वहीला पेन लावायचं नाही, हे नियमपुस्तकात छापलेलं आहे.

झिरो धरायला आमचा राखणदार असायचा. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तीन शेतांपलीकडच्या माणसाला तो साध्या आवाजात निरोप द्यायचा. वय झालेलं, एक गुडघा कामातून गेलेला, पण वाळूवर कुठे कुणी गाडी घातली, कुणी पोतं भरून नेलं, हे त्याला घरबसल्या कळायचं. तो माथ्यावरून दोरी खाली सोडायचा, मी टेपची कडी दोरीच्या हुकात अडकवायचो आणि दोरी वर जायची. इतर खुंट्यांवर तो मला दिसायचा. सात नंबरवर दिसायचा नाही, कारण तिथला उंचवटा सगळ्यात उंच आणि गवत दाट होतं. तिथे फक्त आवाज यायचा.

सात नंबरच्या मागे, खुंटीपासून सत्तावीस मीटरवर, ताईचं घर होतं.

हे मी कामावर लागलो त्याच आठवड्यात साहेबांना लेखी कळवलं होतं. साहेब म्हणाले, "दुसरा मोजणीदार काय आकाशातून आणू? तुम्ही तुमचे आकडे खरे लिहा म्हणजे झालं." ते मी लिहीत आलो. दाजींनी निवृत्त झाल्यावर स्वतः उभं राहून ते घर बांधून घेतलं होतं. प्रत्येक खिडकी कुठे उघडते यावर त्यांनी गवंड्याशी भांडण केलं होतं. ताईला गुडघाभर वाळूत गुलाब लावायची हौस, आणि ते लागलेही होते. आईवडील गेल्यावर मला हक्कानं जाऊन पडता येईल असं घर तेवढं एकच होतं.

त्या वर्षी समुद्र आत यायला लागला. सहा नंबरची खुंटी अठ्ठावन्नवर होती, ती चोपन्न झाली, मग एक्कावन्न, मग सत्तेचाळीस. आठ नंबरचीही तीच गत. सात नंबर मात्र बासष्ट मीटर तीस. पुढच्या महिन्यात बासष्ट तीस. त्याच्या पुढच्या महिन्यातही बासष्ट तीस.

खालून बघताना मला डोळ्याला वाटायचं, की भरतीरेषा उंचवट्याच्या जवळ आलीय. पण आमच्या धंद्यात डोळ्याला किंमत नाही. डोळा उन्हाने फसतो, मनाने फसतो, टेप फसत नाही, हे मी स्वतः नव्या मुलांना एकोणीस वर्षं शिकवत आलो होतो. सातच्या खाली खडक असेल, असं मी अहवालात लिहिलं. खरं सांगायचं तर बासष्ट वाचून मला दर वेळी बरं वाटायचं, आणि ज्या आकड्यानं आपल्याला बरं वाटतं तो दोनदा तपासावा एवढी साधी गोष्ट या फौजदाराला सुचली नाही.

पाचव्या महिन्यात सहा नंबर एकोणचाळीसवर आली. तिथे एक शिक्षक आणि त्याची म्हातारी आई राहायची. त्यांना मीच नोटीस दिली. शिक्षकानं ती वाचली, घडी घातली आणि सातच्या उंचवट्याकडे बघत म्हणाला, "तुमच्या ताईकडचा समुद्र जरा शहाणा दिसतो." मी पोचपावतीवर त्याची सही घेतली. आठवड्याभरात साहेबांच्या टेबलावर निनावी पत्र आलं. एकच ओळ होती, 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.' साहेबांनी ते माझ्यापुढे सरकवलं आणि चष्मा पुसत बसले.

"खडक आहे म्हणालात ना तुम्ही?"

"हो."

"बघितलाय?"

बघितला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कुणीतरी संशय घेतला होता, आणि तो रास्त होता याचा राग मला जास्त आला.

सहाव्या महिन्यात मी सातवर कान टवकारून काम केलं. एरवी कधी लक्षात न आलेल्या गोष्टी लक्षात आल्या. मी पोचायच्या आधीच दोरी खाली आलेली असायची. ती ओली असायची. कडी अडकवली की एका लयीत वर जायची, गुडघा गेलेला म्हातारा ओढतो तशी थांबत थांबत नाही. आणि आवाज. भोंग्याचा आवाज माथ्यावरून यायचा, वारा कापत यायचा. हा आवाज मोठा नव्हता. वारा कितीही असो, शेजारी उभं राहून कुणी सांगावं तसा यायचा. त्या महिन्यात तर मी "धरला?" असं विचारायला तोंड उघडलं होतं, आणि विचारायच्या आधीच उत्तर आलं.

"धरलाय."

मी आकडा वाचला. बासष्ट तीस. पाणी कुठेतरी मुरत होतं.

मोजणी संपल्यावर मी ताईकडे गेलो. दाजी मागच्या अंगणात दोरी गुंडाळत बसले होते. साधी कपडे वाळत घालायची दोरी, पण मी तिच्याकडे बघत राहिलो.

"काय मेव्हणे, दोरीचा पंचनामा करायचाय का?" दाजी हसून म्हणाले.

"ओली कशी आहे?"

"समुद्राकाठी राहतो आम्ही. इथे काडेपेटीसुद्धा ओली असते."

ताईनं चहाचे चार कप आणले. "तुमच्या त्या माणसाला पण बोलव ना," ती म्हणाली. "बिचारा दर महिन्याला उन्हात उभा असतो. चहा नको म्हणतो, नुसतं पाणी पितो."

मला वाटलं भोंग्याबद्दल बोलतेय. भोंगा चहाला नाही म्हणतो हे ऐकून आश्चर्य वाटायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष दाजींकडे होतं. घर रिकामं करायचा विषय निघाला, की हा माणूस शांतपणे उठून खिडक्या पुसायला लागायचा. उंचवट्याच्या मागून कुणी झिरो चार पावलं मागे धरला, तर खाली मला काय कळणार? आणि मागे कोण राहतं?

"दाजी, मोजणीच्या दिवशी तुम्ही कुठे असता?"

ताईनं कप बशीत आदळला. "अरे, काय विचारतोयस तू?" ती म्हणाली. दाजी म्हणाले, "विचारू दे गं. फौजदार आहे तो." पण चहा त्यांनी तसाच ठेवला. मी निघालो तेव्हा पोचवायला ते दारापर्यंत आले नाहीत.

दोन दिवसांनी, कुणाला न सांगता, मी एकटाच गेलो. आधी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडापासून खुंटीपर्यंतचं अंतर घेतलं. ते एकोणीस वर्षांपूर्वी जेवढं लिहिलं होतं तेवढंच होतं, म्हणजे खुंटी कुणी हलवलेली नव्हती. मग टेपची कडी खुंटीला तारेनं आवळून बांधली, लांबून वळसा घालून खाली गेलो आणि टेप ताणली.

सदतीस मीटर दहा.

तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा सदतीस दहा. मी तिथेच वाळूवर बसलो. माझी बहीण गेले दोन तीन आठवडे अशा घरात झोपत होती, की जे मी स्वतःच्या सहीनं रिकामं करायला हवं होतं. मला तिच्यासाठी भीती वाटली आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच.

हिशोब सरळ होता. बासष्ट तीस वजा सदतीस दहा. कुणीतरी झिरो खुंटीच्या मागे पंचवीस मीटर वीसवर धरत होतं. आणि समुद्र जेवढा आत आला, तेवढंच दर महिन्याला मागे सरकत होतं, बोटभरही चूक न करता. असली बेइमानी करायलाही फार इमानदार माणूस लागतो.

मी भोंग्याच्या खोलीवर गेलो. तो गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मी दार लावून घेतलं.

"सातला झिरो कुठे धरतोस तू?"

त्यानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. बोलला तेव्हा त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली गेलेला ऐकला.

"साहेब, सातला मी धरतच नाही."

"म्हणजे?"

"सहावरून सातला जायचं म्हणजे मागच्या गल्लीनं वळसा. गुडघा हा असा. एकदा पोचायला उशीर झाला. बघतो तर दोरी वर ओढून झालेली, टेप ताठ, आणि गवतात एक माणूस झिरो धरून बसलेला. मला वाटलं, तुम्हीच आणलाय. म्हातारा झाला भोंगा, आता दुसरा बघा, असं ठरलं असेल वरती. मी गुपचूप आठवर जाऊन बसलो."

"आणि मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता ना." तो खाली बघत म्हणाला. "सात काय अन् आठ काय, निदान दहा खुंट्या तरी माझ्याकडे होत्या."

"कसा होता दिसायला?"

"पाठच बघितली. दर वेळी पाठच. बायकांनी लसूण सोलायला बसावं तसा बसलेला असतो, निवांत. शर्ट पाठीला चिकटलेला. मला वाटलं घामानं असेल." त्यानं परत वाटी हातात घेतली. "दर महिन्याला थोडा मागे बसतो."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हे दोघे मिळालेले आहेत, दाजींनी ह्याला गाठलंय आणि मी विचारलं तर काय सांगायचं हेही आधीच ठरलंय, असं मला पक्कं वाटलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. भोंग्याला खवखवत होतं खरं, पण तो सांगत होता तेवढंच, हे मला तेव्हा पटलं नाही.

पुढची मोजणी उधाणाच्या दिवशी आली. वर्षातली सगळ्यात मोठी भरती दुपारी तीनला होती. चार आठवडे पुराव्यासाठी दाबून ठेवलेला सदतीस दहाचा अहवाल मी त्या सकाळी साहेबांना दिला. त्यांनी सही केली आणि संध्याकाळच्या आत घर रिकामं करा म्हणाले. मला मात्र एक पुरावा हवा होता. घर रिकामं करायला सांगण्याआधी मला ताईच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याला पकडायचं होतं. हे आज लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा मला तसंच वाटत होतं. सकाळी नऊला तिला उचलून गाडीत घातलं असतं तर बरं झालं असतं.

साडेबाराला मी भोंगा आणि दाजी दोघांनाही माझ्याबरोबर खाली वाळूवर आणलं. दाजी खिडक्या पुसायचं फडकं हातात घेऊनच आले. दोघांना मी माझ्या डाव्या उजव्या हाताला उभं केलं. पलीकडे ओहोटी सरून पाणी परत फिरलं होतं. वारा पडलेला होता आणि माथ्यावरचं गवत हलत नव्हतं.

दोरी खाली लोंबत होती.

"ही कुणी सोडली?" मी विचारलं.

दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. मी कडी हुकात अडकवली. दोरी वर जायला लागली. एका लयीत, न थांबता. कडी गवतात दिसेनाशी झाली आणि चरखी माझ्या हातात भराभरा फिरू लागली. मी मागे मागे भरतीरेषेपर्यंत चालत गेलो. ते दोघे माझ्या मागोमाग आले. मी काही विचारलं नाही. मुद्दामच विचारलं नाही.

"धरलाय," आवाज आला.

भोंग्यानं माझी बाही धरली. दाजींचा चेहरा बघितला आणि माझा महिनाभराचा संशय एका क्षणात निकामी झाला. इतका घाबरलेला माणूस कटात नसतो.

टेप बासष्ट तीसवर होती. मी चरखी भोंग्याच्या हातात दिली, सोडू नको म्हणालो, आणि नियम मोडून सरळ उंचवट्यावर चढलो. वाळू पायाखालून घसरत होती. दाजी खालून काहीतरी ओरडत होते.

माथ्यावर कुणी नव्हतं. खुंटी जागच्या जागी होती. टेप तिच्यावरून, तिला न टेकता, सरळ मागे गेली होती. गवत ओळीनं दबलेलं होतं. दर चार सव्वाचार मीटरवर बसल्याची एक जागा होती, गोल, ओली. मी मोजल्या. सहा होत्या. सातवी सापडली नाही.

टेप अंगणातून गेली होती. गुलाबांच्या मधून. मागचं दार उघडं होतं.

ती उंबऱ्यावरून आत गेली होती.

ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, पाय पोटाशी घेऊन, पाठ दाराकडे. उजव्या मुठीत कडी होती. जमिनीवर पाण्याचा एक रिकामा तांब्या होता, आणि तिच्याशेजारी फरशी ओली होती.

"ताई."

"थांब," ती मान न वळवता म्हणाली. "आकडा घेतलास का?"

"हे कुणी दिलं तुझ्याकडे?"

"कुणी म्हणजे? तुमच्या माणसानं." ती अगदी नेहमीच्या आवाजात बोलत होती. "आत आला, पाणी मागितलं. फार दिवस धरून आहे, हात भरून आलाय म्हणाला. जरा धरा. म्हटलं द्या. आपल्या भावाचंच काम आहे."

"कुठे गेला?"

"दारानं गेला ना. तुला दिसला नाही?"

दारानं मी आलो होतो.

"ताई, तो आमचा माणूस नाही."

आता तिनं मान वळवली. "मग कुणाचा?"

भोंग्याला वाटलं माझा, मला वाटलं दाजींचा, आणि हिला वाटलं ऑफिसचा. सात महिने तो प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचा तरी माणूस वाटला.

"सोड ते," मी म्हणालो. "चल. घर सोडायचंय, आत्ता."

"भरती लागेपर्यंत सोडू नका म्हणाला."

"ताई, सोड."

"अरे, पण सोडता येत नाहीये," ती म्हणाली, आणि तेव्हा मला तिच्या आवाजात भीती ऐकू आली.

मी खाली बसलो. तिची बोटं एकेक करून उचकटली. बर्फासारखी गार होती. माझं बोट धरून मला शाळेत नेणारी तीच बोटं. शेवटची करंगळी सुटली.

कडी सुटून उंबऱ्यावरून बाहेर गेली. खालून भोंग्याची हाक आली. या वेळी त्याचा खरा आवाज होता, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा.

"पाणी आलं साहेब, पाणी आलं."

तीन वाजायला दोन तास होते.

मी ताईला उचललं. दाजी आणि भोंगा गल्लीच्या तोंडाशी भेटले. रस्त्यावर पोचून मागे बघितलं तेव्हा उंचवट्याच्या जागी पाणी होतं आणि घराच्या खिडक्या एकेक करून आत उघडत होत्या. दाजी त्या मोजत होते. नंतर त्यांनी मोजायचं थांबवलं.

माणूस एकही गेला नाही. अहवालात मी तेच लिहिलं. चौकशीत माझ्या वहीतले सात महिन्यांचे बासष्ट तीस कुणालाही समजावून सांगता आले नाहीत. मी ते चुकीचे होते एवढंच मान्य केलं. मला मुख्य कचेरीत टपाल विभागात बसवलं. ताई आणि दाजी माझ्याकडे राहायला आले. माझं घर शहरात, तिसऱ्या मजल्यावर, समुद्रापासून बावीस किलोमीटर आत आहे. दाजींनी मला माफ केलं का ते माहीत नाही. खिडक्या मात्र तेच पुसतात.

ताईचा उजवा हात अजून नीट उघडत नाही. डॉक्टर म्हणाले हाडाला, नसेला काही झालेलं नाही, हळूहळू येईल. ती सगळं डाव्या हातानं करते आणि त्याबद्दल बोलत नाही. एकदा मी विचारलं, दुखतं का. म्हणाली, "दुखत नाही रे. ओढ लागते."

माझ्या जागी आलेली मोजणीदार नवी आहे, हुशार आहे. तिनं सात नंबरची नवी खुंटी रस्त्यापलीकडच्या मातीच्या बांधामागे रोवली. तिथे घरांची दुसरी रांग आहे, सतरा घरं. काल दुपारी मी जेवायच्या सुट्टीत घरी आलो होतो. आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो, ताई आणि मी, आणि त्या नव्या मुलीचा फोन आला.

"सर, एक विचारायचं होतं. दोन महिने झाले, सातचा आकडा हलतच नाहीये. बाकीचे सगळे घटतायत. सात बासष्ट तीस."

मी ताट बाजूला सारलं.

"टेप बरोबर आहे, मी तपासली. आणि झिरो धरणाऱ्या बाई पण चांगल्या आहेत, ताण अगदी एकसारखा ठेवतात. बांधामागे असतात, त्यामुळे भेट नाही झाली. नुसता आवाज येतो. भोंगाकाका म्हणाले, त्यांनी नाही नेमलं. म्हणून विचारलं. तुमच्या वेळच्याच ना त्या?"

आयुष्यभर मी प्रत्येक डबा कुणी हलवला ते विचारत आलो. मला सतरा घरं दिसली, त्यांच्या खिडक्या दिसल्या, कडी सुटल्या क्षणी आलेलं पाणी दिसलं, आणि मी आतापर्यंत कधीच दिलं नव्हतं असं उत्तर दिलं.

"हो," मी म्हणालो. "आमच्याच आहेत."

"बरं झालं. आत्ता मी खालीच उभी आहे, मोजून घेते. एक मिनिट हं सर." फोनमध्ये वारा होता, लाटा होत्या. मग ती दूर तोंड करून ओरडली, "धरला?"

समोर ताई शेंगा सोलत होती, डाव्या हातानं. तिनं मान वर केली नाही. टेबलावर ठेवलेली तिची उजवी मूठ वीतभर खिडकीकडे सरकली, थांबली आणि घट्ट झाली.